एकाच जागेतल्या दोन प्रती

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यात नवी सोय आली की तिची माहिती लिहिणं हे माझं काम. मागच्या वर्षी फाइलींच्या प्रती करण्याची एक नवी सोय आली. ती प्रत करते, पण आतला मजकूर उतरवून घेत नाही. दोन्ही फाइली डिस्कवरच्या एकाच जागेकडे बोट दाखवतात. एकीत काही बदललं, तरच तेवढा भाग वेगळा लिहिला जातो. त्यामुळे भली मोठी फाइलही क्षणात 'तयार'.

"म्हणजे काम न करता झालं म्हणून सांगायचं," बाबा म्हणाले. "आमच्या छापखान्यात याला बढती मिळायची."

बाबा निवृत्त मुद्रितशोधक. माझा प्रत्येक मसुदा सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या तांबड्या पेनाखालून जायचा. शेवटच्या महिन्यांत हात थरथरायला लागला, तेव्हा ते दुरुस्त्या माझ्या फोनवर बोलून ठेवू लागले. मध्येमध्ये खिचडीवर ताशेरे.

ते गेल्यावर ती नऊ रेकॉर्डिंग्ज मी संगणकावर हलवली. फोनमधून पुसली. मग नव्या सोयीने प्रत केली. लिहितेय त्याची चाचणीही होईल, हा विचार. 'बाबा' आणि 'बाबा-२'. पापणी लवायच्या आत झालं.

वाघोलीहून ताईचा फोन आला. "बाबांचा आवाज नीट ठेवलायस ना गं?"

"दोन प्रती आहेत," मी ऐटीत सांगितलं.

तीन आठवड्यांनी डिस्क बिघडली. मी ती घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "बॅकअप?"

"दोन प्रती होत्या."

"कुठे?"

"याच डिस्कवर. एकाच जागेत."

"काय करता आपण?"

"याच विषयावर लिहिते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "लिहा, लिहा," म्हणाले.

आठवड्याने त्यांच्या हाती एकच रेकॉर्डिंग लागलं, तेही अर्धवट. ताई ते ऐकायला आली. दुरुस्त्यांचं अवाक्षर नव्हतं. बाबा म्हणत होते, "या खिचडीत मीठ नाही. मीठ घालायचं ठरलं होतं की नुसतीच चर्चा झाली?" पुढे खरखर. ताई हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्या दिवशी मी मसुद्यात सगळ्यात वर एक वाक्य घातलं: 'ही प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, डिस्क गेली तर दोन्ही जातील.'

मसुदा तपासणाऱ्याने परदेशातून शेरा पाठवला, 'हे वाक्य काढावं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एवढं माहीत असतं.'

मी उत्तर लिहिलं, 'मलाही माहीत होतं.'

वाक्य राहिलं.