माहीत आहे, सांगत नाही

निवडणुकीच्या आधी घरोघर फिरून मतं विचारतात ना, त्या सर्व्हेवाल्यांतली मी एक होते. अमरावतीहून सकाळच्या एसटीनं अचलपूर, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. यादीत ज्याचं नाव, उत्तर त्यानंच द्यायचं, असा नियम. पण नाव बाईचं असलं की नवरा मध्ये आलाच म्हणून समजा.

त्या घरी बाई साडीला फॉल लावत बसल्या होत्या. यादीत नाव त्यांचं, बोलत होता नवरा. रस्ते, दवाखाना, पोरींचं शिक्षण, कशालाही उचलली जीभ लावली टाळ्याला! नळाला पाणी रोज येतं म्हणे.

"चौथ्या दिवशी येते," बाई मान वर न करता म्हणाल्या. "भरते कोण?"

मला हसू आलं. म्हटलं, "भाऊ, तुमचं नाव आलं की तुम्हालाच विचारीन. आता ताईंना बोलू द्या."

शेवटचा प्रश्न, मत कोणाला देणार? बाईंनी सुई कापडात खोचली. "नाई सांगत."

नवरा खो खो हसला. "तिले काय समजते! लिहा, माईत नाई."

आणि माझं बोटही मेलं तिकडंच निघालं होतं. कारण पक्षांच्या खाली टॅबवर एकच पर्याय उरत होता, 'माहीत नाही'. काहीतरी दाबल्याशिवाय फॉर्म पुढं जायचा नाही.

"ताई, तुमी ते काहून दाबून राहिल्या?" बाई कडाडल्या. "मले चांगलं माईत आहे. सांगत नाई, एवढंच. हे दोन्ही एक आहे का? माईत नाई लिहान, तं मायं नावच खोडून टाका!"

शरमले मी. आजवर अशा किती बायकांना मी एका बोटानं अडाणी करून आले असेन!

अकोल्याच्या सुपरवायझरला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "दाबा ना मॅडम माहीत नाही. काय फरक पडते?"

माझं टाळकंच सटकलं. "शहाण्या बाईले बिनअकली ठरवून राहिले तुमी, अन् फरक पडत नाही?"

"अर्धा फॉर्म चालत नाही. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"नाही येत, जा!"

ते काम मला हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण फॉर्म तसाच सोडला. बाईंनी टॅब हातात घेऊन स्वतः पाहून घेतलं, शेवटचं उत्तर कोरंच आहे ना. मग परत सुई घेतली.

मी ओसरीत चपला घालत होते. आत नवऱ्याचा आवाज एकदम खाली आला होता. "पण सांग तं खरं. कोणाले देऊन राहिली?"

"त्यायले नाई सांगितलं," बाई म्हणाल्या, "तं तुमाले सांगू?"