तीनशे पंधरा काहून घेतली नाही

मला बंदुकीचा शौक आहे, हे आमच्या तांड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नुसत्या आवाजावरून सांगतो, कोणाची वाजली. कोणाच्या तरी जुन्या बंदुकीचा घोडा कसा चालतो हे पाहायला मी दिग्रसहून पुसदपर्यंत एस.टी.त उभ्यानं गेलो आहे. माझ्याकडे बापाच्या वेळची बारा बोरची एकनळी आहे. तिला रोज तेलाचं फडकं मारल्याशिवाय मला जेवण जात नाही. बायको म्हणते, "माह्या डोक्याले तेल लावा म्हनलं तर हात दुखते, अन् या सवतीले पाहा!"

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या दिवशी ठाण्याच्या आवारात आम्हा शौकिनांचं संमेलनच भरतं. लोक सोयऱ्यासारखे भेटतात, एकमेकांच्या बंदुका हातात घेऊन पाहतात, नाकं मुरडतात. मागच्या खेपेला रांगेत पाहिलं, तर निम्म्याहून जास्त तीनशे पंधरा बोरची रायफलवाले. आजकाल तिचीच चलती आहे. एकच गोळी, लांबचा नेम, आणि खांद्याला टांगली की ढेरपोट्या माणूससुद्धा ताठ चालतो. एकानं मला विचारलंच, "भाऊ, तुमी एवढे शौकीन अन् अजून बारा बोरवरच? तीनशे पंधरा काहून घेत नाही?"

मी म्हटलं, "हिच्यावरच जीव जडला बाप्पा." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पुरतं खरं रांगेत उभं राहून सांगता येण्यासारखं नव्हतं.

आमच्या वावरात दसऱ्याला बंदुकीची पूजा होते. आजूबाजूचे पाच-सहा परवानेवाले येतात. बंदुका घोंगडीवर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुलं ठेवतो, माझी याडी, म्हणजे आई, लापशी करते. बाकी लोक दसऱ्याला कोहळा कापतात, आम्ही कोहळ्यावर बार टाकतो. कोहळा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर ठेवायचा, आणि तोही अगदी वर, बांधाच्या डोक्यावर. म्हणजे फुटला की दुरून सगळ्यांना दिसला पाहिजे, बायापोरांनी टाळ्या वाजवल्या पाहिजेत. बापाच्या काळापासून असंच चाललं, आणि कधी काही झालं नाही. बारा बोरचे छर्रे ते. कोहळ्याच्या चिंधड्या करायचे आणि थोडं पुढं जाऊन मातीत पडायचे. धुऱ्यामागं काय आहे, याचा विचार करायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही.

तीन वर्षांमागं त्या पूजेला साहेब आपली तीनशे पंधरा घेऊन आले. साहेब म्हणजे दिग्रसमधले माझे जुने स्नेही. सगळी नोकरी कचेरीत गेली, वडीलही कचेरीतच होते. माणूस मोठा टापटिपीचा, रायफल काढल्या-ठेवल्याची तारीख लिहून ठेवणारा. त्यांनी मला विचारलं, "चालवून पाहता का?" आता मला हे विचारणं म्हणजे माशीला गूळ दाखवणं. परवाना त्यांचा, आणि बोट माझं. तिथंच खरं तर नाही म्हणायला पाहिजे होतं, पण माझे हात आधीच पुढं झाले होते.

काय सांगू, अशी गुळगुळीत गोष्ट मी आयुष्यात खांद्याला लावली नव्हती! नेम धरला, चाप ओढला. कोहळा मात्र जागेवरच. मी चुकलो म्हणून सगळे हसले. जवळ जाऊन पाहतो, तर कोहळ्याला इकडून एक भोक आणि तिकडून एक भोक. साहेबांनी पाठ थोपटली. मग आम्ही लापशी खाल्ली. गोळी कोहळ्यातून निघून कुठं गेली, हे आम्हा सहा शौकिनांपैकी एकालाही सुचलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती म्हणा ना!

आमचं वावर उताराचं. धुऱ्याच्या पलीकडे जमीन नाल्याकडे उतरत जाते, आणि नाल्यापलीकडे काकीचं वावर आहे. इथून पाऊण किलोमीटर तरी असेल. काकी सख्खी नाही, तांड्याच्या नात्यानं काकी. नवरा गेल्यापासून सहा एकर एकटी करते. डवरा, पेरणी, फवारणी, सगळं. तिचं तोंड असं, की ती नाल्यापलीकडे कुजबुजली तरी आमच्या बैलांचे कान उभे राहतात.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी काकी पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊन माझ्या ओट्यावर आली. तांड्यात काही बिघडलं की माझ्याकडेच येतं. "पाह्य रे," ती म्हणाली, "दुकानदारानं फुटका पंप देला. दसऱ्याच्या दिशी तुरीले फवारून राह्यली होती, पानी प्याले खाली उतरवून ठेवला, धुऱ्याच्या सावलीत बसली. परत येऊन पाह्यतो, तर सारी दवाई खाली! मी त्या दुकानदाराचे सात पिढ्याचे नावं घेतले भर बाजारात."

पंपाला पाठीला टेकते त्या बाजूनं भोक होतं, करंगळी जाईल एवढं. मी पंप हलवला तर आत काहीतरी खडखडलं. पालथा केला तेव्हा माझ्या तळहातावर शिशाची एक चेपलेली गोळी पडली.

मी मूठ मिटली. "खडा हाय काकी," म्हणालो. "दुकानातूनच आला असंन."

भोक बुजवून दिलं. तिनं आशीर्वाद दिला, वाटीभर तूरडाळ ठेवून गेली. ती डाळ मी बायकोला शिजवू दिली नाही. गोळी मी धान्याच्या कोठीमागं लपवली. खरं बोललो तर परवाना जाईल, बापाची बंदूक ठाण्यात गंजेल, तांड्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे सगळं मला त्या एका क्षणात सुचलं होतं. मूठ उगाच मिटली नव्हती.

त्यानंतर मी कोहळा धुऱ्याच्या पायथ्याशी, मातीला टेकवून ठेवायला लागलो. लोकांनी विचारलं, म्हटलं वारं लागते. काकी मात्र त्या दुकानदाराला दर बाजाराला शिव्या देत राहिली. एकदा तर माझ्यासमोर दिल्या. तो बिचारा म्हणाला, "काकी, मी पाहूनच देलता वं." मी दोघांच्या मधे उभा, हातातल्या पिशवीतली वांगी मोजत. मला माझीच लाज वाटली.

यंदा माझ्या कधीच्या जुन्या अर्जावर, परवान्यावर दुसरं हत्यार घ्यायला मंजुरी आली. ठरावीक मुदतीत घ्यायचं, नाहीतर मंजुरी गेली. आणि त्याच सुमारास साहेबांनी मला घरी बोलावलं. डोळ्यांना मोतीबिंदू, गुडघे गेलेले. रायफल पुढ्यात ठेवून म्हणाले, "मुलाला आवड नाही. परक्याकडे गेली तर मला झोप येणार नाही. तुम्ही न्या."

मी तिच्या लाकडावरून हात फिरवला. हवीशी वाटली, खोटं कशाला बोलू. तरी म्हणालो, "माझी एकनळी बरी आहे साहेब."

"मंजुरी आहे, शौक आहे, मी स्वतः देतोय. मग अडलं कुठं?" त्यांचा आवाज कातर झाला. "माझी वस्तू तुम्हाला नको झाली का?"

तो माणूस दुखावला होता, आणि ते मला पाहवेना. खिशातून गोळी काढून मी टेबलावर ठेवली. येताना कोठीमागून का उचलली होती, ते मला विचारू नका. मग सगळं सांगितलं. कोहळा, उतार, पंप, खडा. साहेबांनी गोळी डोळ्यांजवळ नेली, बोटानं चाचपली.

"हे मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "तिला सांगा. आणि थांबा, मी पण येतो. हत्यार माझंच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं काकीच्या वावरात गेलो. साहेबांचा एक हात काठीवर आणि एक माझ्या खांद्यावर. काकी खोपटासमोर चुलीवर भाजी करत होती, पंप शेजारीच भिंतीला टेकलेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मधेच थांबलो असतो तर पुन्हा सुरू करायची हिंमत माझ्यात नव्हती. शेवटी म्हणालो, "काकी, तुले ठान्यात जाचं असंन तर जा. मी नाही म्हननार नाही."

काकीनं आधी गोळी पाहिली, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे. "म्हंजे तो दुकानदार," ती म्हणाली, "तीन वर्सं फुकट शिव्या खाऊन राह्यला?"

"हो."

"मेल्या! अन् तू वांगे घेऊन उभा राह्यला होता!" तिनं जी सुरुवात केली, ती माझ्या आज्यापर्यंत गेली. साहेबांनाही सोडलं नाही. "एवढे शिकले तुमी, कचेरीत बसले, अन् गोळी कुठी जाते ते मालूम नाही?" साहेब मान खाली घालून, "खरं आहे, बाई," एवढंच म्हणत राहिले. मला शिव्या खाताना बरं वाटत होतं. शपथेवर सांगतो, तीन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"ठान्यात जाऊन काय करू?" दम लागल्यावर ती म्हणाली. "तुही बंदूक गेली, तं डुकरं माह्याच तुरीत येतीन. दुकानदाराच्या पाया पडाले चाल माह्यासंगं. आपन दोघंही पडू."

मी हो म्हटलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात ती उठली. पंप उचलला, पट्ट्यात हात घालून पाठीवर घेतला, जसा रोज घेते तसा. पंप आणि पाठीच्या मधे हात घालून बुजवलेलं भोक कुठं आलं ते चाचपलं. मग पंप तसाच खाली उतरवून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"दाखव," ती म्हणाली. "पानी प्याले बसली नसती तर कुठी लागली असती? बोट ठेवून दाखव."

मी साहेबांकडे पाहिलं. ते पाहत नव्हते. मी पुढं झालो आणि तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधे, थोडं डावीकडे, बोट ठेवलं. लुगड्याखाली हाड लागलं. ती श्वास घेई तसं माझं बोट वर येई आणि खाली जाई. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बोट काही उचलवेना.

काकी हलली नाही. मग हळूच, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "काढ आता. भाजी लागून राह्यली खाली."