नावं जाळायचं काम

किस्से कुणी गोळा करत नाही. पायाला चिखल लागतो तसे ते लागतात आणि घरी येऊन वाळल्यावर दिसतात. विरारला मनवेलपाड्यात दोन खोल्यांचं एक अभ्यास केंद्र होतं. बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या लोकांचा अभ्यास तिथं चाले. मी त्या केंद्राचा शिपाई. शिक्षण चौथी. कुलूप उघडायचं, चहा करायचा आणि शिकलेल्या माणसांच्या पुढं चालून वस्त्यांची दारं ठोठावायची, हे काम मी चौदा वर्षं केलं. एकही दिवस उशिरा गेलो नाही. त्या काळातले हे किस्से. हसू येईल तिथं हसा. माझी हरकत नाही.

*

पहिलाच सर्व्हे विरार पूर्वेच्या नाक्यावर होता. सकाळी तिथं बिगारी उभे राहतात, ठेकेदार येऊन माणसं निवडून नेतो. आमच्याबरोबर एक नवे सर होते. खांद्याला शबनम, हातात पॅड. त्यांना पाहताच दहा-बारा जण धावले.

"किती माणसं पाहिजेत, साहेब?"

सरांच्या डोक्यात सर्व्हेचं सॅम्पल, किती जणांना विचारायचं तो आकडा. म्हणाले, "शंभर तरी लागतील!"

झालं! सगळा नाका घमेली-फावडी घेऊन सरांभोवती. ढकलाढकली, आरडाओरडा. सर घाबरले. "अहो, काम नाही! फक्त प्रश्न विचारायचेत!"

एक म्हातारा बिगारी पुढं आला. डोक्यावर घमेलं तसंच. म्हणाला, "विचारा की. पण एवढे प्रश्न वाहून टाकायचे कुठं?"

सगळे हसले, सरही हसले. तेवढ्यात समोरच्या बाजूला दोन टेम्पो येऊन माणसं भरून निघून गेले. आमच्याभोवती होते त्यांचा दिवस गेला. म्हातारा घमेलं पालथं घालून त्यावर बसला आणि सरांना म्हणाला, "आता विचारा. आता मोकळाच आहे."

*

फॉर्ममध्ये एक प्रश्न असे. गाव का सोडलं? पुढं आकडे. एक म्हणजे काम, दोन म्हणजे लग्न, तीन म्हणजे दुष्काळ किंवा पूर, चार म्हणजे इतर. जे असेल त्याला गोल करायचा.

नाक्यामागच्या झोपड्यांत कौसाबाई राहायची. परभणीकडची. नवरा-बायको दोघं बांधकामावर. आमच्या केतकीनं तिचा फॉर्म घेतला. केतकी पुण्याची, एम.ए. झालेली, पोरगी चांगली होती. घाई करायची नाही.

"ताई, गाव का सोडलं?"

"भाऊ हुडकाया."

"म्हणजे कामासाठीच ना?"

"काम तिकडंबी व्हतं. माजा धाकटा भाऊ, महादू. माज्या लग्नात भांडान करून गेला, त्यो परत आलाच न्हाई. कुनीतरी म्हनलं वसईकडं दिसला. म्हनून आलाव."

केतकीनं पेन्सिल दातांत धरली. मग चार आकड्याला गोल केला. इतर.

निघताना कौसाबाईनं माझी बाही धरली. "दादा, तुमी समद्या वस्त्यांनी हिंडता. इतकी मानसं लिवून घेता. तुमच्या कागदात कुटं महादू आला तर सांगा."

मी म्हटलं, "सांगतो."

त्यानंतर वेगवेगळ्या लोकांनी तिचा फॉर्म आणखी तीनदा भरला. तिनं एकदाही नाही म्हटलं नाही. दर वेळी शेवटी तोच निरोप. आणि दर वेळी, चार.

*

बाहेरून लोक आले की मूळच्या लोकांना काय वाटतं, हेही मॅडमना हवं होतं. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. म्हणून नव्या सरांना घेऊन मी वसईच्या सांडोरला गेलो. एक ख्रिस्ती बागायतदार केळीला पाणी लावत होते. हातात फावडं, गळ्यात क्रूस. सरांनी विचारलं, "बाहेरून आलेल्या लोकांबद्दल आपलं मत काय?"

बागायतदार म्हणाले, "आधी सांगा, तुम्ही कुठले?"

"जन्म बेळगावचा. वडील नागपूरला होते. शिकलो पुण्यात. आता राहतो ठाण्याला."

"आणि घर कुठं आहे?"

सर पॅडवरचे कागद चाळू लागले.  बागायतदारांनी फावडं ठेवलं, हात धुतले आणि सरांचंच पॅड त्यांच्यापुढं केलं.

"बसा. तुमचाच फॉर्म भरून घेऊ."

  माझं गाव राजापूरकडं. अठराव्या वर्षी सोडलं. चौदा वर्षं मी या लोकांच्या पुढं चाललो, पण माझा फॉर्म कुणी भरला नाही. मी तक्रार करत नाही. झालं ते सांगतो.

*

आता माझं खास काम. प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर एक चिठ्ठी जोडलेली असे. तिच्यावर माणसाचं नाव, गाव आणि पुन्हा भेटायचं झालं तर कुठं सापडेल तो पत्ता. फॉर्मवर फक्त नंबर. काम झालं की चिठ्ठ्या फाडून माझ्याकडं येत.

मॅडम सांगायच्या, "काका, ही नावं नष्ट करायची. गरीब माणसं विश्वासानं बोलतात. उद्या कुणी त्यांना त्रास देता कामा नये."

मला ते पटलं. केंद्रात वातीचा स्टोव्ह होता. चहा करताना मी त्या चिठ्ठ्यांनी वात पेटवायचो. एकही चिठ्ठी वाचली नाही. वाचता येत असून वाचली नाही! याचा मला अभिमान होता. एकदा सर गमतीनं म्हणाले, "काका, तुमच्या चहाला काही वेगळीच चव आहे."

मी म्हटलं, "माणसं घातली आहेत त्यात."

तेव्हा सगळे हसले होते.

*

कामणला भिवंडी रस्त्यावर गोदामं आहेत. तिथल्या हमालांचे फॉर्म घ्यायला केतकी आणि मी गेलो. ती आत बसून विचारत होती. मी बाहेर पोत्यांच्या थप्पीला टेकलो होतो. ऊन फार. आतून एक हमाल आला. डाव्या भुवईवर जुनी खोक. त्यानं तांब्या पुढं केला.

"काका, पाणी घ्या. गाव कुठलं तुमचं?"

मी दचकलो. हा प्रश्न विचारायचं काम आमचं!

"राजापूरकडचा."

"जाता का?"

"कोण आहे तिथं?"

तो म्हणाला, "कुणी असलं तरी जाता येतंच असं न्हाई." तांब्या घेऊन तो आत गेला. त्याचा फॉर्म शेवटचा होता.

चौदा वर्षांत माझं गाव विचारणारा तो एकटा. मी त्याचं गाव विचारलं नाही. त्याचं नावही विचारलं नाही. आमच्याकडं फॉर्म होता ना. मी कशाला विचारू?

*

या सगळ्या फॉर्मांवरून मॅडम एक पुस्तक लिहीत होत्या. ते छापण्याआधी त्यांनी एक चांगली पद्धत पाळली. ज्यांनी माहिती दिली त्यांना बोलावून, लिहिलेलं वाचून दाखवायचं. मनवेलपाड्यातल्या एका हॉलमध्ये सतरंज्या घातल्या. जवळचे, नाक्यावरचे लोक तेवढे आले. कौसाबाई पुढं बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून.

मॅडम कागद पाहून मराठीत सांगत होत्या. "एक हमाल. रमेश, नाव बदललेलं आहे. तो म्हणतो, मी शाळेत जावं म्हणून माझी बहीण गुरं राखायची. सकाळी माझी पाटी पदरानं पुसून द्यायची आणि म्हणायची, माझ्या वाटचंबी शीक. तिच्याच लग्नात मी भांडण केलं. तिला सगळ्यांपुढं मान खाली घालावी लागली. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

कौसाबाई उठून उभी राहिली.

"रमेस न्हाई त्यो! महादू हाय. माजा महादू हाय ह्यो!"

 मॅडमनी चष्मा काढला. "बाई, बसा. नावं आम्ही सांगू शकत नाही."

"नाव मी सांगतेय की तुमाला! तुमी त्याचा पत्ता सांगा."

मॅडमनी केतकीकडं पाहिलं.  ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, कामणचा. भुवईवर खोक असलेला. त्यानं तुम्हाला पाणी दिलं होतं. गोदामाचा ठेका संपला की कुठं जाणार ते त्यानं चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही, आणि पत्ता आता आठवत नाही. ती चिठ्ठी..."

 चिठ्ठीचं काय होतं ते केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी कौसाबाईपुढं गेलो. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला चाललं नसतं.

"बाई, त्याचा पत्ता मी जाळला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओरडली नाही. म्हणाली, "माजाबी?"

"हो."

"चारी बारीला?"

"चारी वेळा."

"म्हंजी त्यो मला हुडकत तुमच्याकडं आला असता, तरी..."

मी मान खाली घातली. माझ्या मानेला ती सवय नाही.

*

दुसऱ्या दिवशी केतकी, कौसाबाई आणि मी कामणला गेलो. त्या गोदामाला कुलूप होतं. ठेका संपून टोळी गेली होती. शेजारचा चहाच्या टपरीचा मालक म्हणाला, "कुणी म्हणे भिवंडी, कुणी म्हणे वापी. पण येतात यातले काही फिरून फिरून. गोदामं इथंच आहेत ना."

कौसाबाईनं एवढंच धरलं. "येतात फिरून."

मॅडमच्याही मनाला लागलं होतं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी केतकीला सांगितलं, कौसाबाईची सगळी हकिकत पुस्तकात घाल. नाव मात्र बदल. नाव कोणतं हवं ते तिलाच विचार.

कौसाबाई म्हणाली, "महादूची भन, आसं लिवा."

केतकी म्हणाली, "ते खरं झालं, ताई. खरं लिहिता येत नाही. खोटं नाव द्या. कुठलंही चालेल."

कौसाबाईनं थोडा विचार केला. मग ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"मग मास्तरीण लिवा. त्यो मला मास्तरीण म्हनायचा. दुसरं कुनी न्हाई म्हनत. तुमच्या लेखी खोटं हाय, त्याला कळंल."

केतकीनं लिहून घेतलं. नियमात बसत होतं!

कौसाबाई मला म्हणाली, "दादा, पुस्तक आलं की त्या टपरीवर ठिवा. मला न्हाई वाचाया येत, त्याला येतं. माज्या वाटचं शिकलाय त्यो."

*

पुस्तक यायला दोन वर्षं लागली. तोवर केतकी शिकायला परदेशी गेली. तिथं तिचा फॉर्म कुणी भरला की नाही, ठाऊक नाही. मॅडमनी जाड पुठ्ठ्याची एक प्रत माझ्या हातात दिली. वर आमच्या नाक्याचा फोटो.

मी उघडली. पुन्हा मिटली.

"मॅडम, हे इंग्रजी आहे."

"हो काका. मराठीही काढायचं आहे. बघू, पुढच्या वर्षी."

मी प्रत पिशवीत घातली आणि कौसाबाईकडं गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून तिनं हात पदराला पुसले. पुस्तक मांडीवर घेतलं, नाक्याच्या फोटोवरून हात फिरवला.

"कुटं हाय माजं नाव?"

मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. या कामात तर नाहीच. मी पानं उलटली. सगळी अक्षरं मुंग्यांसारखी. मध्येच एका पानावर थांबलो आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा. इथं."

"मास्तरीण?"

"मास्तरीण."

तिनं बराच वेळ त्या ओळीकडं पाहिलं. मग कपाळाचं कुंकू बोटाला घेतलं आणि मी दाखवलं तिथं टेकवलं.

"म्हंजी त्याला लगीच घावंल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी कामणला गेलो. टपरीवाल्याला पुस्तक दिलं. खांबाला दोरीनं बांधायला सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. त्यानं दोन-चार पानं चाळली, कुंकवाच्या पानावर थांबला.

"काका, इथं हे कोण वाचणार?"

मी म्हटलं, "गाठ घट्ट मार."