मिठाच्या विमानाची बॅटरी

कुणी शाल-नारळ घेऊन माझ्याकडे यायला लागलं की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, रिटायर झाल्यापासून हा माणूस तिरसट झालाय. झालो असेन, पण त्याला कारण आहे.

त्या पावसाळ्यात सोलापूरच्या धावपट्टीवर एक छोटं विमान आणून उभं केलं होतं. चांगले ढग दिसले की वर जायचं, ढगाच्या पोटात मिठाची नळकांडी पेटवायची आणि पाऊस पडतो का ते बघायचं. कागदावर त्या कामाचं नाव दोन ओळींचं होतं. लोक सरळ मिठाचं विमान म्हणायचे. मी ठेकेदार कंपनीचा मेकॅनिक. विमान उडण्याजोगं आहे ही सही माझी, आणि ती नसेल तर पायलट आत पाऊलसुद्धा टाकायचा नाही.

उडण्याचे दिवस थोडे, उभं राहण्याचेच जास्त. लोकांना वाटतं, उभ्या विमानाला कसलं आलंय काम? अहो, उभं विमानच जास्त छळतं. आतलं घड्याळ आणि दोन-चार बारीकसारीक गोष्टी बॅटरीतून रात्रंदिवस करंट ओढत असतात. त्यात सोलापूरचं ऊन. बॅटरी नुसती ठेवली तरी उतरत जाते. म्हणून शेडमधल्या बोर्डावरून वायर ओढून मी ती कायम बारीक चार्जिंगवर लावलेली असायची. सकाळी मीटर लावायचा, संध्याकाळी लावायचा, आकडा कार्डावर लिहायचा. पिनेजवळ पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहून टांगलं होतं, 'ही पिन कोणीही काढू नये.' ढग आले की अर्ध्या तासात वर जायला हवं, आणि तेव्हा बॅटरीनं दगा दिला तर बाकी सगळा खटाटोप पाण्यात.

यात माझा जीव अडकला होता तो अक्कामुळे. माझी थोरली बहीण सांगोल्याच्या पुढे एका वाडीत दिलेली. शेळ्या-मेंढरांचं घर. त्या वर्षी माळावर काडी उगवली नव्हती. पंधरवड्यात एक बरा पाऊस झाला तर चारा फुटणार होता, नाहीतर दाजी मेंढरं घेऊन लांबच्या मुलखाला निघणार होते. आदल्याच महिन्यात त्यांच्या छातीत कळ येऊन गेली होती. या अवस्थेत त्यांनी मेंढरांमागे रानोमाळ हिंडणं अक्काला नको होतं. रोज तिचा फोन.

"काय रं, तुजं इमान आज तरी येतंय का न्हाय हिकडं?"

"ढग येऊ देत अक्का, लगेच सोडतो."

ढग येत नव्हते. त्याचा राग कुणावर काढणार? पण विमान नुसतं उभं आहे हे आमच्या साहेबांना बघवेना. साहेब म्हणजे कंपनीचे सोलापुरातले मॅनेजर. त्यांनी एक बडे पाहुणे गाठले आणि कार्यक्रम ठरवला. मंडप, गालिचा, हार, साउंड सिस्टीम. थेंब पडला नव्हता आणि पाऊस आणणाऱ्यांचा सत्कार!

मी म्हणालो, "साहेब, आधी पाऊस तर पडू द्या."

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता," ते म्हणाले आणि सत्काराच्या यादीत माझंही नाव घातलं. ते काढा असं मी म्हणालो नाही. हे आत्ताच सांगून टाकतो.

कार्यक्रम दणक्यात झाला. पाहुण्यांनी माझ्या अंगावर सोलापुरी चादर पांघरली, हातात नारळ दिला, फोटोवाल्यानं मान वर करायला लावली. निवेदकानं आम्हाला वरुणराजाचे सारथी करून टाकलं. कर्ण्यांचा आवाज सगळ्या माळावर घुमत होता, आणि तो ज्या बोर्डावर चालला होता तो बोर्ड माझा होता. साउंडवाल्याला पिन लावायला जागा मिळाली नाही म्हणून त्यानं माझी काढली. लाल अक्षरांच्या पुठ्ठ्यावर पिशवी अडकवली.

भाषणं संपल्यावर पाहुण्यांना विमानात बसून व्हिडिओ काढायचा होता. साहेबांनी मला हाक मारायची तसदी घेतली नाही. स्वतःच मुख्य स्विच टाकला आणि दिवे लावले. व्हिडिओ झाल्यावर दिवे घालवले, मुख्य स्विच तसाच ठेवला. मी तेव्हा पंगतीत मठ्ठा पीत होतो. जेवण उरकून तडक घरी गेलो, बायकोला चादर दाखवायला. संध्याकाळचा मीटर त्या दिवशी लागलाच नाही.

सकाळी लावला. चोवीस व्होल्टच्या बॅटरीत आठ. मीटर बिघडला असं वाटून दुसरा आणला. आठच. मुख्य स्विच चालूच, चार्जरची पिन जमिनीवर. साउंडवाला कर्णे टेम्पोत भरत होता, मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

"पिन कुणी काढली?"

"मीच काढली की. लगीच परत लावनार हुतो, ऱ्हायलं बगा." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "एवढं काय त्यात काका? लावा की आता."

त्याला काय बोलणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं ते साहेब अजून यायचे होते. पार मेलेली बॅटरी नुसती पिन लावून उठत नाही. खाली उतरवायची, सावकाश भरायची, मग किती टिकते ते तपासायचं. दोन दिवस कुठं गेले नाहीत. जादा बॅटरी मी पहिल्याच आठवड्यात मागितली होती आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता. पण मंडपाचा कागद एका दिवसात सुटला! आजही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि त्याच दुपारी ढग आले. आधी रडारवाल्यांचा निरोप, सांगोल्याच्या बाजूला उत्तम ढग आहेत, निघा. पाठोपाठ अक्काचा फोन. "आलं रं, आलं! काळंभोर हाईत. सोड आता तुजं!"

साहेब घामाघूम. म्हणाले, "ट्रकच्या दोन बॅटऱ्या लावू. इंजिन एकदा सुरू झालं की प्रश्न मिटला. तुम्ही फक्त सही करा."

प्रश्न मिटत नव्हता. तसल्या ढगात जनरेटर बंद पडला तर बॅटरी हाच शेवटचा आधार, आणि तीच मेलेली. आत तीन माणसं बसणार होती. मी सही केली नाही. साहेब ओरडले, मी त्यांच्यावर दुप्पट ओरडलो. खिशातला फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. साडेपाचपर्यंत ढग पुढे निघून गेले. मीठ टाकलं असतं म्हणजे पाऊस पडलाच असता असं नाही, हे मला कळतं. पण टाकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. उड्डाण का झालं नाही, त्यापुढे लिहिलं होतं, 'योग्य ढग उपलब्ध नव्हते.' खाली दोघांच्या सह्यांची जागा.

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"मग खरं लिहू. बॅटरी मेली. संध्याकाळचं कार्ड कोरं. ते कार्ड कोण भरतं?" त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. आवाजसुद्धा चढवला नाही.

मी सही केली.

चार दिवसांनी अक्काचा फोन आला. दाजी पहाटेच मेंढरं घेऊन निघाले होते, औषधाची पुडी बरोबर बांधून. ती रडली नाही, चिडलीही नाही.

"सूनबाईनं पेपर वाचून दावला," ती म्हणाली. "त्या दिशी ढगच नव्हतं म्हनं. मग समदी वाडी मान वर करून काय बगत हुती रं?"

मी म्हणालो, "ढग होते अक्का. नव्हते म्हणून लिहिलंय, त्या कागदावर माझी सही आहे."

ती फोन ठेवेल असं वाटलं, पण तिनं ठेवला नाही.

"का केलीस?"

मी तिला साउंडवाल्याचं सांगितलं. साहेबांचं सांगितलं, मुख्य स्विचचं, टेबलावर पडून राहिलेल्या कागदाचं सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला की बायको बाहेर येऊन बघायला लागली. मी भ्यालो होतो, एवढं एकच कारण होतं, आणि तेवढं सोडून बाकी सगळं मी तिला सांगत बसलो.