धावपट्टीकडे पाठ

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उस्ता हशमत थांबायचा, हत्यारांची पिशवी दाराला टेकवायचा आणि घसा साफ करून मोठ्यांदा म्हणायचा, "या अल्लाह!" मग थोडा वेळ तसाच उभा राहायचा. गच्चीवर एखादी बाई न्हाऊन केस वाळवत बसली असेल, धुणं टाकत असेल, तर तिला डोक्यावर रुमाल ओढता यावा एवढा तो वेळ. पलीकडून "या, उस्ता" असं आलं, किंवा काहीच आलं नाही, की तो दार ढकलायचा. वसंत लागल्यापासून पानं गळेपर्यंत दिवसातून कितीदा तरी हे व्हायचं. मेहराबाद विमानतळाच्या दक्षिणेला ज्या अरुंद गल्ल्या आहेत तिथल्या घराघरांच्या गच्चीवर पाण्याचे कूलर असतात, आणि त्यातले बहुतेक कूलर हशमतच्या हाताखालून गेलेले होते. ताट्यांतलं कुजकं गवत बदलायचं, पट्टा ताणून बसवायचा, पंपातला गाळ काढायचा. दरवर्षी तेच.

अशा माणसाच्या हाती सगळ्या वस्तीची झाकली मूठ असते. कुणी बंदी असलेली टीव्हीची तबकडी ताडपत्रीखाली लपवली आहे, कुणाच्या निळ्या पिंपात लोणचं नसून द्राक्षांचं भलतंच काही मुरतंय, कुणाचा नवरा भांडण झालं की वर येऊन झोपतो, हे सारं हशमतला ठाऊक होतं. पण गच्चीवरचं गच्चीवर, ही त्याची रीत. तेवढ्या भरवशावर बायाबापड्या त्याला घरात घ्यायच्या. चाळिशी उलटली तरी लग्न न झालेल्या माणसाला एरवी कोण जिना चढू देतं?

त्याची स्वतःची झाकली मूठ वेगळी होती. त्याला विमानं बघायचं वेड होतं.

हे वेड लहानपणापासूनचं, आणि त्यासाठी जागा शोधण्यात त्याची अर्धी जवानी गेली होती. आधी हमरस्त्यावरचा पादचारी पूल होता. तिथून उतरणाऱ्या विमानाचं पोट दिसायचं, पण एकदा गळ्यात कॅमेरा असताना गणवेशातल्या दोघांनी त्याला बाजूला घेतलं. विमानतळाचा अर्धा भाग हवाई दलाचा. कुंपणावर जागोजागी कॅमेऱ्यावर फुली मारलेल्या पाट्या. त्या दिवशी कॅमेरा ठेवून घेतला आणि त्याला सोडलं, पण सोडताना एकजण म्हणाला, "पुन्हा सापडलास तर घरी कुणी वाट बघू नये, एवढं सांगून ठेव." मग तुतीची झाडं असलेला एक मोकळा प्लॉट होता, तिथे इमारत उभी राहिली. बागेतल्या टेकाडावरून धावपट्टीचं टोक दिसायचं. तिथे जाहिरातीचा फलक आला. जमिनीवरच्या जागा अशा एकेक करून मिटत गेल्या आणि उरल्या फक्त गच्च्या.

त्याच्या मनात गच्च्यांची प्रतवारी होती. काही नुसत्या आवाजाच्या, काही सकाळच्या उजेडाच्या. आणि सगळ्यांत वरची म्हणजे सैफुल्लाच्या घराची. कठडा कमरेइतका, उत्तरेला एकही उंच इमारत नाही, दुपारनंतर सूर्य पाठीमागे. धावपट्टीचं टोक समोर, आणि त्यामागे अल्बुर्ज पर्वत, उन्हाळा तोंडावर आला तरी माथ्याला बर्फ. त्या बर्फासमोरून विमान उतरताना हशमतला काय वाटायचं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं तरी कोण? घरात एकटी आई. तिला सगळी गल्ली 'अज़ीज' म्हणायची, तोही तेच म्हणायचा. तिच्या गुडघ्यांनी तिला घरात कोंडलं होतं आणि तिने त्याला. दिवेलागणीला तो दारात दिसला नाही की ती खिडकीतून हाका मारत सुटायची.

"बायको नाही, पोर नाही," ती चहाचा पेला बशीत आपटून म्हणायची. "बरं, कबुतरं तरी पाळावीस! निदान लोक म्हणाले असते, अज़ीजचा मुलगा कबुतरबाज आहे. आता विचारतात तर काय सांगू? आभाळाकडे बघतो म्हणून?"

"सांग, कूलर दुरुस्त करतो."

"ते पोट भरायला. मी नादाचं विचारतेय."

तो हसायचा. त्याने उशीच्या अभ्र्यात दुसरा, स्वस्तातला कॅमेरा लपवला आहे हे तिला माहीत नव्हतं.

त्या वर्षी वस्तीत बातमी आली की परदेशी जाणारी मोठी विमानं हळूहळू दक्षिणेच्या वाळवंटातल्या नव्या विमानतळावर हलवणार. लोकांना बरं वाटलं. काचा थरथरायच्या थांबतील. हशमतला मात्र बरं वाटलं नाही. त्या मोठ्या विमानांत त्याचं एक लाडकं होतं, चार इंजिनांचं, आखूड अंगाचं, जुनं जम्बो. तो त्याला मनात 'बुटकी' म्हणायचा. ती अल्बुर्जसमोरून उतरतानाचा एकही धड फोटो त्याच्याकडे नव्हता. तेवढा एक मिळाला की पुरे, असं तो स्वतःला सांगायचा.

सैफुल्लाच्या घरी कूलर बसवायचा दिवस आला. सैफुल्ला हा मोटारींचे सुटे भाग विकणारा, आवाजाने गल्ली भरून टाकणारा माणूस. त्याच्या घरात वरच्या मजल्यावर त्याच्या मेलेल्या भावाची बायको पूरान आपल्या मुलीसह राहायची. राहायची म्हणजे सैफुल्ला राहू देत होता, आणि हे तिला रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने कळवलं जायचं.

हशमतने रीतीप्रमाणे हाक देऊन गच्ची गाठली, ताट्या बदलल्या, आणि पाण्याची चावी सोडायला खाली अंगणात उतरला. चावी फिरवतो तोच पूर्वेकडून तो आवाज आला. चार इंजिनांचा, जाडसर, छातीत बसणारा. बुटकी. हशमत दोन-दोन पायऱ्या टाकत वर धावला. दार ढकललं. कठड्याशी पोहोचेपर्यंत हत्यारांच्या पिशवीतला कॅमेरा हातात होता.

आयुष्यात पहिल्यांदा तो हाक द्यायला विसरला.

ती आली. चाकं सोडलेली, नाक किंचित वर, पंखांखाली धुरकट ऊन, आणि मागे बर्फ. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. चाकांनी जमीन शिवली तेव्हा निळसर धूर उठला, तोही मिळाला. मग त्याने कॅमेरा खाली घेतला.

"एवढ्या जवळून मी कधी पाहिलंच नव्हतं," मागून आवाज आला.

पाण्याच्या टाकीशी पूरान बसली होती. समोर चादरीवर वाळत घातलेला पुदिना, हातात एक काडी, ओले केस खांद्यावर. रुमाल बाजूच्या दोरीवर होता, हात लांबवला की मिळेल असा. तिने हात लांबवला नव्हता. ती धावपट्टीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की हशमतला क्षणभर वाटलं, आरशात बघतोय.

मग जिन्यात चपला वाजल्या. पूरानने रुमाल ओढला. हशमतने मागे हात नेले आणि कॅमेरा कूलरच्या पाण्यात सोडला. डुबुक् असा बारीक आवाज झाला. दारात सैफुल्ला होता.

"हाक का नाही ऐकू आली मला?" त्याने विचारलं. मग वहिनीकडे पाहिलं. रुमालाखालून पाणी ठिबकत होतं. "किती वेळ आहेस वर?"

"विसरलो, आग़ा. चूक झाली."

"वीस वर्षं नाही विसरलास. आजच? काय बघत होतास?"

"विमान."

सैफुल्ला हसला. त्या हसण्याने शेजारच्या दोन गच्च्यांवर माणसं उभी राहिली. "ऐका! विमान बघत होता! अरे, जन्म गेला आमचा, डोक्यावरून जातात. मेहराबादचा माणूस विमान बघायला गच्चीवर चढला, असं कुणी ऐकलंय? दाखव काय ते. पुरावा दे!"

पुरावा पाण्याच्या तळाशी होता. हात घालून काढला असता, कदाचित अजून चालूही झाला असता. मग सगळ्यांना दिसलं असतं की त्याची नजर कुठे होती. आणि हेही दिसलं असतं की उशीच्या अभ्र्यात कॅमेरा लपवणारा हा माणूस महिनोन्‌महिने विमानतळाचे फोटो काढतोय, ज्यात त्या फुलीवाल्या पाट्यांपलीकडचं बरंच काही आहे. सैफुल्लाच्या तोंडात ते संध्याकाळपर्यंतही राहिलं नसतं. आणि पुलावरच्या त्या माणसाने जे सांगून ठेवायला सांगितलं होतं ते अज़ीजला कसं सांगायचं?

"पुरावा नाही, आग़ा," हशमत म्हणाला.

पूरान पुदिन्याच्या काड्या गोळा करत राहिली.

सामान आवरताना त्याने ओला कॅमेरा कुजक्या गवतात गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून दिला. पण बातमी कचऱ्यात टाकता येत नाही. आठवड्याभरात त्याला बोलावणं बंद झालं. गल्लीत सलाम घ्यायचे, पण घाईत.

"लोक काय म्हणतात ठाऊक आहे?" अज़ीज म्हणाली. त्या दिवशी तिने चहा आपटला नाही. "गच्चीवरून लोकांच्या घरात डोकावतो म्हणून कबुतरबाजाची साक्ष काझी धरत नाही म्हणतात. तुझी तर कबुतरंही नाहीत, रे. तू बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"मी तुझी आई आहे. मला तरी खरं सांग."

"खरं सांगितलंय. विमान बघत होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याला कळलं की तिचाही विश्वास बसलेला नाही.

काही दिवसांनी भट्टीवर रोट्यांच्या रांगेत पूरान दिसली. बायकांची रांग एकीकडे, पुरुषांची दुसरीकडे, मध्ये, तापल्या खड्यांवर भाजलेल्या रोटीला चिकटलेले खडे झटकायचं टेबल. दोघं टेबलाशी एकाच वेळी आले. ती खडे काढत खाली बघून बोलली.

"मी सांगू का त्यांना? तुमची पाठ होती माझ्याकडे. सगळा वेळ."

त्याचा हात थांबला. एक वाक्य. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला एवढंच पुरे होतं.

"मग ते विचारतील, खानम, की सगळा वेळ तुम्ही तिथे कशा होतात. पाठ दिसत होती तर रुमाल का नाही घेतलात. खाली का नाही आलात."

एक गरम खडा तिच्या बोटाला चिकटला होता, तो तिने पुसला.

"मला तेवढं बघायचं होतं," ती म्हणाली. "ते खाली टेकेपर्यंत."

"हो. मग सांगू नका."

"मुलीचं लग्न व्हायचंय, उस्ता."

"म्हणून तर म्हणतो, नका सांगू."

ती रोटी घडी करून निघून गेली. त्याने आपली झटकली, थंड होईपर्यंत झटकत राहिला.

मग उन्हाळा चढला. डांबर पायाला चिकटू लागलं, आणि उन्हाने अब्रूचा प्रश्न जरा सैल केला. नवा कूलरवाला आणला होता त्याने दोन घरांचे पंप जाळले. शेवटी सैफुल्लाच हशमतच्या दारात आला, घामाने निथळत.

"हे बघ, उस्ता, मी मनात काही ठेवत नाही," तो म्हणाला. "ये कामाला. पण यापुढे घरातला पुरुष तुझ्याबरोबर वर येईल. काम संपेपर्यंत तुझं तोंड कूलरकडे. मान वळवायची नाही. कबूल?"

अज़ीज आतून ऐकत होती. तिच्या गुडघ्यांची औषधं संपली होती.

"कबूल," हशमत म्हणाला.

सैफुल्लाची ती अट घरोघर गेली आणि रिवाज होऊन बसली. हाक द्यायची आता गरजच उरली नाही. पुढे घरधनी चालायचा, मागे हा. एखादा म्हातारा सिगारेट ओढत पहारा द्यायचा, एखादा खुर्चीवर पेंगायचा. हशमत पत्र्याच्या पेटीत डोकं घालून काम करायचा. आभाळ त्याच्या पाठीवर असायचं. सुरुवातीला आवाज आला की त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची. मग तो मान आणखी आत घालायला शिकला. लोक म्हणू लागले, सुधारला. गच्च्या पूर्वीइतक्याच होत्या, किंबहुना आता कुठल्याही गच्चीवर जायला त्याला कुणी अडवत नव्हतं.

पुढच्या वसंतात तो पुन्हा सैफुल्लाच्या गच्चीवर होता. हवा धुतल्यासारखी, अल्बुर्जचा बर्फ शेजारच्या भिंतीवर ठेवल्यासारखा जवळ. सैफुल्ला कठड्याला टेकून बिया सोलत पहारा देत होता.

"ऐकलंस? या आठवड्यानंतर मोठी विमानं इथून बंद," तो म्हणाला. "शेवटी जरा शांत झोप मिळेल."

पेटीतून पान्याची खरखर येत राहिली.

पूर्वेकडून आवाज उठला. जाड, चार इंजिनांचा. काचा वाजू लागल्या, दोरीवरचं धुणं हललं. सैफुल्लाच्या हातातली बी ओठांपर्यंत जाऊन थांबली. विमान समोर आलं तसा तो नकळत कठड्यावरून बाहेर झुकला.

"या हुसेन! केवढं हे!" तो ओरडला. "पोट तर बघ त्याचं! उस्ता, अरे, बघ तरी! आता मीच सांगतोय तर बघ!"

हशमतची बोटं पंपाच्या जाळीवर होती. जाळीत गवताची एक काडी अडकली होती. ती त्याने हळूच सोडवली, बाजूला ठेवली, जाळी जागेवर बसवली. आवाज पाठीमागून गेला, खाली उतरला, दूर कुठेतरी जमिनीला टेकला आणि विरत गेला. त्याने डोकं बाहेर काढलं नाही.

"पाणी सोडायला सांगा, आग़ा," तो आतूनच म्हणाला. "पंप उचलतोय का बघतो."