बेलिफाची खळ

सकाळी कोर्टातून निघताना माझ्या पिशवीत समन्स असतात, संध्याकाळी परत येताना किस्से. समन्सची नोंद रजिस्टरला होते. किस्से ठेवायला कोर्टात कपाट नाही, म्हणून ते माझ्याकडेच साठत गेले!

मी बेलिफ. उधारीचा दावा लागला की कोर्टाचा कागद घरी आणून देणारा नकोसा पाहुणा. एकोणीस वर्षं यवतमाळ जिल्ह्याची धूळ खाल्ली. कर्ज घेताना माणूस वीस ठिकाणी न वाचता सह्या ठोकतो आणि माझ्या कागदावर एक सही करायची म्हटली की त्याला घाम फुटतो!

सगळ्यांचा समज एकच. कागद हातात घेतला नाही की केस सुरूच होत नाही. अहो, होते! तुम्ही घेतला नाही तर मी दोन पंचांसमोर तो दारावर चिकटवतो आणि कोर्ट तो पोचला असं धरतं. तारखेला आला नाहीत की एकतर्फी निकाल. मग जप्तीला पुन्हा मीच!

चिकटवायला मी घरून मैद्याची खळ शिजवून नेतो, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. माझा कागद आजवर कोणाच्या बापाला निघाला नाही. या खळीचा मला भारी गर्व होता. तो कसा उतरला ते शेवटी सांगतो, कारण त्यात सलीमभाईचं दुकान जायची वेळ आली होती.

* * *

बोरी अरबला एका गृहस्थांकडे गेलो. बाईंनी पदर डोळ्याला लावला.

"ते त वारले न साहेब! दोन महिने झाले."

"अरेरे! मग मृत्यूचा दाखला द्या, मी तसा रिपोर्ट लिहितो."

"देते न. बसा, च्या ठेवते."

मी बसलो. या घरी मी आधीही दोनदा येऊन गेलेलो. पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून दरडावणीचा पुरुषी आवाज आला, "साखर टाकू नको वं त्याईच्या च्यात! त्याईले शुगर हाये!"

बिनसाखरेचा चहा प्यायलो आणि स्वर्गवासी गृहस्थांना बाहेर बोलावून त्यांची सही घेतली.

* * *

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात दाराला कुलूप. म्हटलं, पंच शोधावेत. पानठेल्यावर सहा जण बसले होते. मी पिशवीतून कागद काढताच पाच जणांना शेतातली कामं आठवली! सहाव्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून तो राहिला.

"काका, फक्त साक्षीदाराची सही आहे. तुमचं काही जात नाही."

"मांगच्या खेपेस बी असंच म्हनलं होतं," काका म्हणाले. "फक्त जामीनदाराची सही हाये, तुमचं काई जात नाही!"

तरी रिपोर्टात लिहायला त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी पिशवी उघडली. पुढचं समन्स त्यांचंच होतं!

* * *

लोहाऱ्याला कारखान्यात काम करणारे एक फिटर. समन्सवर 'लेखी जबाब सादर करावा' असं छापलेलं असतं. माणूस आज्ञाधारक. वकील न लावता स्वतःच जबाब लिहून आणला. जजसाहेबांनी तो भर कोर्टात वाचायला लावला:

"आदरणीय जजसाहेब, सा. न. वि. वि. आपले समन्स मिळाले, वाचून वाईट वाटले. इकडे सर्व कुशल, तिकडची खुशाली कळवावी. पैशाचे म्हणाल तर, कंपनीने ओव्हरटाइम बंद केल्यापासून आमचेही तेच म्हणणे आहे. महिना दोन हजार जमेल, त्याहून जास्त म्हणालात तर खोटे बोलावे लागेल. मुलीच्या लग्नाला सहकुटुंब यावे. लोभ असावा."

कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. समोरच्या वकिलाला म्हणाले, "तुमच्या चाळीस पानांत जे सापडलं नाही, ते इथे एका पानात आहे. दोन हजाराचा हप्ता घेता का बोला!"

घेतला. न घेऊन सांगतात कोणाला!

* * *

आता सलीमभाई. आर्णी रोडवर त्याचं पंक्चरचं आणि गाड्या दुरुस्तीचं दुकान. माझी स्कूटरही त्याच्याच जिवावर चालते. बायकोच्या ऑपरेशनसाठी त्याने एका फायनान्सकडून कर्ज घेतलं होतं आणि बाराही हप्ते फेडले होते. पण वसुलीवाला एजंट दर महिन्याला म्हणायचा, पावतीपुस्तक संपलं. वर्षाने फायनान्सने पूर्ण रकमेचा दावा ठोकला!

मी गेलो की सलीम जीपखाली सरकायचा.

"सलीम नाही हाये!"

"मग हे पाय कोणाचे?"

"पाय हायेत, सलीम नाही हाये!"

तिसऱ्या खेपेला खालूनच ओरडला, "पैसे देल्ले म्या, मंग कागद काहून घेऊ? घेतला म्हनजे कबूल केल्यासारखंच होते!"

पंच बोलावले. दुकानाच्या दाराचे पत्र्याचे पल्ले भिंतीकडे उघडून टेकवलेले होते. त्यावर फोननंबर, टायरचे साइज, काय काय रंगवलेलं. मी कागद चिकटवतो, दरवाजे वाचत नाही. एका पल्ल्याच्या मधोमध लावला आणि जीपखाली वाकून सांगितलं, "तारखेला ये रे बाबा. नाही आलास तर तुझा कॉम्प्रेसर उचलायला मलाच यावं लागेल."

कॉम्प्रेसर गेला की दुकान संपलं. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा राग आला.

तारखेला पुकारा झाला आणि सलीम उभा! मला हायसं वाटलं.

"लेखी जबाब आणलात?" साहेबांनी विचारलं.

"आनला न साहेब. बाहीर ऑटोत हाये. आत येत नाही."

सगळं कोर्ट बाहेर आलं. मालाच्या ऑटोत दुकानाचा एक पल्ला, बिजागऱ्यांसकट! त्यावर नंबरप्लेटच्या रंगाने तारीख, रक्कम, सही. पुन्हा तारीख, रक्कम, सही.

"तो म्हने पावतीपुस्तक नाही. म्या म्हटलं, दरवाजा त हाये! कर यावरच सही."

"आणि दुकान उघडंच टाकून आलात? चोरी झाली तर?"

"जप्तीत तसंबी जानारच होतं न साहेब, चोरानं नेलं त काय!"

फायनान्सच्या वकिलांनी उन्हात उभं राहून बोटाने हप्ते मोजले. दोनदा मोजले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अकराच आहेत, साहेब! बारावा नाही."

सलीमने माझ्या समन्सवर बोट ठेवलं. "बारावा बेलिफसाहेबाच्या कागदाखाली हाये."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "निघेल का?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. रुमाल ओला केला आणि नखाने कोपरा खरवडायला लागलो. माझ्याच खळीला मनातल्या मनात शिव्या देत होतो. अर्ध्या तासाने तारीख दिसली. मग रक्कम. मग एजंटची वळणदार सही. वकिलांनी फाइलची नाडी बांधायला घेतली.

ओलं समन्स अख्खंच्या अख्खं माझ्या हातात आलं. सलीमने पँटला हात पुसले आणि पुढे केले.

"आना ते इकडे, साहेब. कुठी सही करू?"