उंदीरघरातली अर्धी बातमी

उंदीर बरा झाला, आता कॅन्सरचं औषध आलंच म्हणून समजा, असं तुम्हीही कधी कोणाला सांगितलंय की नाही? खरं बोला. बातमी वाचायची, मोबाइलवरून चार जणांना धाडायची आणि हात झटकून मोकळं व्हायचं. त्यातला एखादा त्या भरवशावर उपचार सोडून घरी बसला तर? ते विचारायला कोण जातंय!

ही जिची गोष्ट आहे, तिनं तर बातमी वाचलीही नव्हती. डोळ्यांनी पाहिली होती. म्हणूनच सगळा घोळ झाला.

तिला घरात धाकटी म्हणतात. केस पिकले तरी धाकटीच. कॅन्सरवरची नवी औषधं शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती उंदीरघर सांभाळते. टोपी, मास्क, हातमोजे चढवल्याशिवाय तिथं पाऊल टाकायचं नाही. उंदीर बिनकेसांचे, गुलाबी, अंगात रोगाशी झगडायची ताकद नसलेले. ती ताकद असती तर त्यांच्या अंगात लावलेली माणसाची गाठ रुजलीच नसती. धाकटीला शिंक येतेयसं वाटलं तरी ती आधी दाराबाहेर पळते. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, सुई टोचायच्या आधी शेपटी शेकून शीर वर आणायची, हे तिचं काम. उंदरांशी ती बोलतेही. "हलू नकोस रे राजा, झालंच."

एकदा मॅडमनी, म्हणजे तिथल्या मुख्य संशोधक बाईंनी, नवं औषध टोचलेला उंदीर कॅमेऱ्याच्या अंधाऱ्या पेटीत ठेवला. औषधाला चमकणारा रंग जोडलेला होता. पडद्यावर उंदराच्या कुशीतली गाठ निखाऱ्यासारखी पेटलेली दिसली. औषध नेमकं तिथं जाऊन बसलं होतं. पुढं औषध दिलेल्या उंदरांच्या गाठी आटत गेल्या. धाकटीला कोण आनंद! घरी येऊन तिनं थोरल्या बहिणीला, ताईला, सांगितलं, "अगं, थेट गाठीवरच जातं बघ. बाकी अंगाला धक्का नाही!"

ताई तेव्हा ठणठणीत होती. "उंदरांची चैन आहे बाई," म्हणून हसली.

मग ताईच्याच छातीत गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, आधी सलाइनमधून औषधं, मग ऑपरेशन, आणि आता उशीर नको. पण ताईनं आपल्या सासूला याच औषधांनी ओकून ओकून अर्धी झालेली पाहिली होती. तिनं घरी येऊन जाहीर केलं, "मी नाही जायची. धाकटीचं औषध आहे ना, ते घेईन."

"ते कधी मिळणार?" भावजींनी, ताईच्या नवऱ्यानं, विचारलं.

"तिला विचारा. तिच्याच फ्रिजमध्ये आहे."

भावजींनी फोन करून हे सगळं धाकटीला सांगितलं. रुग्णालयानं दिलेली तारीख ताईनं चुकवली होती. ज्या तोंडानं आपण आशा लावली, तेच तोंड आता बहिणीच्या मुळावर आलं, हे तिला कळून चुकलं. अन्न गोड लागेना. पिंजरे धुता धुता एकच हिशेब मनात घोळायचा, ताईची गाठ आज केवढी झाली असेल?

शेवटी धीर करून ती मॅडमसमोर उभी राहिली.

"मॅडम, ते औषध माणसाला... थोडंसं..."

"कोणाला?"

"बहिणीला."

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "बसा मावशी. उंदरातली गाठ आपण लावलेली असते, कातडीखाली, मटाराएवढी. तुमच्या बहिणीची स्वतःहून वाढलीय, मुळं धरून बसलीय. हे औषध तिच्यात आत शिरेल का, हे जगात कोणालाच माहीत नाही. आणि तुम्ही तो फोटो बघितलात ना? गाठ सोडून आणखी कुठं उजेड होता?"

उजेड होता. पोटात, यकृताच्या जागी, चांगला भगभगीत. तिनं तो पाहिला होता आणि आनंदाच्या भरात घरी सांगितलाच नव्हता.

ती तशीच ताईकडं गेली. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"आणलंस?"

"नाही. आणणारही नाही."

"वा गं वा! उंदराला देतेस, आणि सख्ख्या बहिणीला नाही?"

"ताई, तुला अर्धंच सांगितलं मी. ते औषध यकृतातही जातं. किती नुकसान करतं, ते अजून बघायचंय."

"मला घाबरवायला आलीस. त्या दवाखान्यातल्या औषधांनी कमी नुकसान होतं का?"

"नुकसान होतंच. पण किती होतं, कधी थांबवायचं, त्यावर काय द्यायचं, हे त्यांना माहीत आहे. आजवर कितीतरी बायकांना दिलंय त्यांनी. आमचं फक्त उंदरांना दिलंय गं."

ताईनं भाजीचा देठ मोडला. "आणि बरे झालेले उंदीर? ते तरी सुखात आहेत ना?"

हे धाकटीनं कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. जेवणाच्या ताटावर सांगायची गोष्ट आहे का ती?

"मारतो आम्ही त्यांना," ती म्हणाली. "बरे झालेलेसुद्धा. कापून बघतात, औषध कुठं कुठं गेलं. त्याशिवाय कळत नाही."

ताईचा हात थांबला.

"म्हणजे मला दिलं असतंस, तर कळायला मलाही कापावं लागलं असतं."

"ताई!"

"ओरडू नकोस. मला वाटलं तू माझ्यासाठी काहीतरी राखून ठेवलंयस." तिचा आवाज चिरकला. "मला ओकाऱ्यांची भीती वाटते गं. बाकी कशाची नाही."

"मी येते सोबत. भांडं मी धरते."

दोघी गेल्या. डॉक्टर उशिराबद्दल बोलले. पुन्हा तपासलं तेव्हा गाठ वाढलेली होती. उशिरानं किती बिघडलं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि धाकटीची विचारायची छाती झाली नाही. नर्सनं सुई लावली. धाकटी नळीतून उतरणाऱ्या थेंबांकडं बघत बसली. इथं अंधारी पेटी नव्हती, की पडद्यावर उजेड नव्हता. औषध गाठीपर्यंत पोचतंय की नाही, हे बघायची सोय नव्हती. ताईनं तिचा हात असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

ती गाठ आटेल की नाही, मला माहीत नाही. पण तुमच्या ओळखीत कोणी नव्या औषधाच्या बातमीवर विसंबून सुरू असलेला उपचार थांबवला असेल, तर आज त्यांच्या घरी जा. औषध माणसांना देऊन पाहिलंय का, एवढं त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावा. आणि एकटं पाठवू नका हो, सोबत जा.